पाटल्या मोडून घेतलेला कॅमेरा

अक्का, नमस्कार. मी ४३ वर्षांची, उदगीर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या अण्णांचा औशाकडे फोटो स्टुडिओ होता. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांचा याशिका मॅट १२४ जी कॅमेरा माझ्या कपाटात आहे. १९७८ साली आधीचा कॅमेरा विकून आणि आईच्या पाटल्या मोडून त्यांनी तो मुंबईहून सेकंडहँड आणला होता. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, मयतीसुद्धा, सगळं त्याच्यावरच. आई रात्री फोटो धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची.

भावाने मोबाईलवर बघितलं, असाच कॅमेरा दीड लाखाला लावलाय. तेव्हापासून त्याचं एकच, "काय करूलालीस ते डबडं धरून? विक, आणि निम्मे निम्मे करू." माझी लेक यंदा अकरावीला, लातूरला क्लास लावायचाय, फीची जुळवाजुळव चालू आहे. म्हणून आमचे हेही म्हणतात, विकून टाक. पैसा मलाही पाहिजे. पण कॅमेरा हातात घेतला की बाप विकायला काढल्यासारखं वाटतं. आईला विचारलं तर म्हणते, तुमचं तुम्ही बघा. निगेटिव्हचे पत्र्याचे डबेही आहेत, ते भंगारात द्या म्हणतो भाऊ, त्यातून चांदी निघते म्हणे. किल्लारीच्या भूकंपानंतर खेड्यांतली माणसं त्या डब्यांत आपल्या माणसांचे फोटो शोधायला यायची, एवढं आठवतं. डब्यांचं काही नाही, जागाच अडते. पण कॅमेऱ्याचं काय करू?

— अण्णांची लेक

माय, आधी त्या दीड लाखाचं बघू. तुमच्या घरातलं अर्धं भांडण त्या आकड्यानं लावलंय.

भावानं बघितला तो बहुतेक रोलीफ्लेक्स असणार. तो जर्मन, १९२९ पासूनचा. तुमचा याशिका जपानी. १२४ जी हे मॉडेल १९७० ला आलं आणि १९८६ पर्यंत निघत होतं. दोघांनाही एकाखाली एक अशी दोन भिंगं, दोघांतही वरचं झाकण उघडून, पोटाशी धरून, मान खाली घालून बघायचं. लांबून सख्खे भाऊ वाटतात. बाजारात मात्र त्यांची बरोबरी नाही. याशिका चांगला कॅमेरा आहे, आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओवाल्यांनी त्याच्या जिवावर पोरांची शिक्षणं केली, पण त्याचे पैसे हजारांत येतात, लाखात नाही. (१२४ जी मधला 'जी' गोल्डचा, उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरच्या जोडणीला सोन्याचा मुलामा आहे म्हणून. हे भावाच्या कानावर घालू नकोस, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसेल.)

दुसरं असं की मोबाईलवर, ओएलएक्ससारख्या ठिकाणी दिसतो तो मागणाऱ्याचा आकडा. तू उदगीरकडची आहेस, हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार तुला मी काय सांगावा. तोंडानं ओरडलेला भाव वेगळा आणि रुमालाखाली बोटं धरून ठरलेला वेगळा. कॅमेऱ्याचा रुमालाखालचा भाव बघायचा तर ईबे या परदेशी विक्रीच्या साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय आहे, तिथं बघ. तिथंही परदेशी गिऱ्हाइकाचा भाव दिसतो, तो आपल्या हातात तसाच पडत नाही. भावाला शेजारी बसवून बघ. तू सांगितलेलं त्याला पटणार नाही, त्यानं स्वतः बघितलेलं पटेल.

धरून चाल की घासाघीस करून पंधरा हजार आले. निम्मे निम्मे कुठून आणलं भावानं? वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आईचा, भावाचा आणि तुझा असे तीन सारखे हिस्से होतात. म्हणजे तुझ्या हाती पाच हजार. त्यात लातूरच्या क्लासचा पहिला हप्ता तरी भागेल का? पोरीची फी हा वेगळा प्रश्न आहे, तो कर्ज काढून, पतसंस्थेतून, कसा सोडवायचा तसा सोडवा. ह्यांनाही हे पाच हजार स्पष्ट सांग. मग कॅमेरा विकायचा की ठेवायचा हे नुसतं कॅमेऱ्यापुरतं उरेल.

आता 'बाप विकायला काढल्यासारखं'. अगं, तुझ्या अण्णांनीच आधीचा कॅमेरा विकून हा आणला ना? त्या पहिल्या कॅमेऱ्यावरही त्यांनी पोटं भरली असतील, धंदा शिकले असतील. तरी विकला, कारण नव्यानं चांगलं काम होणार होतं. धंदा करणारा माणूस हत्याराला दसऱ्याला हळद-कुंकू लावतो आणि काम भागेना की बदलतो. ते पाप असतं तर अण्णांनी १९७८ सालीच केलेलं आहे. म्हणून विकलास तर बाप विकलास असं मी म्हणणार नाही, आणि ठेवलास तर बाप घरात राहिला असंही म्हणणार नाही. माझ्या सासऱ्यांचा मर्फी रेडिओ मी वीस वर्षं माळ्यावर 'आठवण' म्हणून ठेवला. वर कापड घातलेलं, सणाला पुसायचे. उघडला तेव्हा आत उंदरानं पिलं घातली होती. आठवण मी ठेवली होती, रेडिओ उंदरानं वापरला.

पण तुझ्या पत्रात एक नाव सगळ्यांनी गाळलंय, तूसुद्धा. पाटल्या कुणाच्या होत्या? दिवसा अण्णा फोटो काढायचे आणि रात्री लाल बल्बाखाली हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनात, हात घालून कोण उभं असायचं? त्यानं हाताची कातडी कशी होते ते स्टुडिओवाल्यांच्या बायकांना विचार. आई म्हणते 'तुमचं तुम्ही बघा', आणि तुम्ही दोघं बहीण-भाऊ खरंच तुमचं तुम्ही बघायला लागलात. आपल्याकडच्या बायका स्वतःचं काही मागायची वेळ आली की हेच वाक्य बोलतात. मी पण बोलते. तेव्हा पुन्हा विचार, पण 'विकू का ठेवू' असं विचारू नको. कॅमेरा तिच्या मांडीवर ठेव आणि विचार की हा आला तो दिवस कसा होता. ती काय बोलते ते ऐकून घे, मग ठरव. भावालाही बोलाव, ऐकू दे त्यालाही. दीड लाख म्हणणारा भाऊ लोभीच असतो असं नाही. तोही अण्णांशिवाय चाचपडत असेल, त्याला आकडा सापडला, तुला कपाट सापडलं.

आता डब्यांकडे येते. तुझं पत्र वाचताना मी तिथंच थांबले होते.

'डब्यांचं काही नाही' असं लिहिलंस. पोरी, सगळं त्यांचंच तर आहे. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते हे भावाचं खरं आहे. फोटोतला काळा भाग म्हणजे बारीक चांदीच. म्हणून तर आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ बंद झाल्यावर पोती भरभरून निगेटिव्ह भंगारवाल्यांनी नेल्या. गावंच्या गावं वितळली त्यात. भंगारवाला देईल काही शे रुपये. आणि त्या डब्यांत कोण आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत पडली, हजारो माणसं गेली. मागं राहिलेल्यांच्या घराबरोबर घरातले फोटोही दगड-मातीखाली गेले. बायकोचा, पोराचा एकमेव फोटो म्हणजे कधीतरी बाजाराच्या दिवशी तुझ्या अण्णांनी काढलेला, आणि त्याची निगेटिव्ह तुझ्या घरच्या डब्यात. ती माणसं तुमच्या दारात आली ती त्यासाठी. तुला 'एवढं आठवतं' आणि ते तू एका ओळीत टाकून पुढं गेलीस.

आपल्याच मुलखातली गोष्ट सांगते. अजिंठ्याची चित्रं नकलून घ्यायला रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी आला, १८४० च्या दशकात. वर्षानुवर्षं राबला. त्यानं रंगवलेल्या बहुतेक नकला पुढं लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या १८६६ च्या आगीत जळाल्या. पण त्यानं अजिंठा-वेरूळचे फोटोही काढले होते, ते अजून आहेत, अभ्यासक बघतात. त्याचा कॅमेरा कुठं गेला हे मी तरी कुणाला विचारताना ऐकलं नाही.

तर डब्यांचं असं कर. आधी झाकण उघडून वास घे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, त्या निगेटिव्ह बाकीच्यांपासून बाजूला काढ, नाहीतर लागण पसरते. निगेटिव्ह कडेनं धरायची, बोट मधे लावायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. अण्णांनी ज्यात ठेवल्या असतील तो बटर पेपर फाटला नसेल तर राहू दे. डबे पत्र्याच्या खोलीत, सज्जावर नकोत, आपल्या मे महिन्यात तिथं पापड भाजतील. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, कोरड्या जागी. आणि स्टुडिओचं रजिस्टर शोध. नंबर, नाव, गाव, तारीख लिहिलेली लांबडी वही असणारच. ती वही नसेल तर निगेटिव्ह मुक्या आहेत, आणि मग त्यांना नावं देऊ शकणारी एकच बाई उरते, जिनं त्या सगळ्या चेहऱ्यांना रात्री पाण्यात धुतलंय. तिचं वय काय गं आता? तू लिहिलं नाहीस.

मोबाईलवर उतरवणं अवघड नाही. लॅपटॉपचा पडदा पांढरा करायचा, निगेटिव्ह त्याच्यापासून बोटभर वर धरायची, वरून फोटो काढायचा आणि रंग उलटे करायचे, ते कुठल्याही साध्या ॲपमध्ये होतं. तुझी अकरावीची लेक हे दहा मिनिटांत करेल आणि आजी शेजारी बसून नावं सांगेल. सुट्टीत सुरू करा. रोज वीस.

राहिला कॅमेरा. विकायचा झाला तरी आणि ठेवायचा झाला तरी काही गोष्टी आजच कर. कातडी केसमधून बाहेर काढ. कातडं ओल धरतं आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते, ती खोलवर गेली की काच खाते. आपली हवा कोरडी म्हणून कोकणापेक्षा आपण बरे, पण चार महिने पावसाळा आपल्यालाही आहे. आकड्यांच्या खिडकीत काही आकडा दिसत असेल तर मागचं झाकण उघडू नको, आत अण्णांचा रोल असू शकतो. तो अंधारात काढायला जुना फोटोग्राफर गाठ. रिकामा असेल तर झाकण उघड, शटर 'बी' वर (दाबून धरलं तोवर उघडं राहतं ते) ठेवून दाबून धर आणि खालच्या भिंगातून बॅटरीचा उजेड टाक. बघायचं भिंग वरचं, फोटो काढणारं खालचं. गिऱ्हाईक किंमत खालच्याची करतं. मग एक सेकंदावर ठेवून दाब. खर्र करून मोजून सेकंदात मिटलं तर झकास, अडखळलं तर आतलं तेल घट्ट झालंय, सफाई करून घ्यावी लागेल. मीटर चालत नसेल तर घाबरू नको, त्याचे पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत, आणि शटरला सेल लागतच नाही. भिंग घरी स्पिरिट-बिरिट लावून चोळायचं नाही. ऑनलाइन विकायचाच ठरला तर पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही हे पक्कं ध्यानात ठेव. स्कॅन कर म्हणणारा मिलिटरीतला ऑफिसर आहे असं सांगेल, फोन ठेवून दे.

मला विचारलंस म्हणून माझं मत देते: विकू नका. अण्णांसाठी म्हणून नाही. पाच-पाच हजारांसाठी तिघांच्या मनात जे राहील ते महाग पडेल म्हणून. पण आई म्हणाली, माझ्या पाटल्यांचं काहीतरी होऊ दे, तर विका आणि सगळे पैसे तिच्या हातात द्या, हिस्से पाडू नका. तिनं नातीच्या फीला दिले तर तो तिचा आनंद.

ठरवायच्या आधी मात्र एक रोल घाल. या कॅमेऱ्याला लागणारा १२० मापाचा कृष्णधवल रोल पुण्या-मुंबईहून कुरिअरनं येतो, स्वस्त नाही, पण गिऱ्हाईकसुद्धा 'रोल टाकून बघितलाय का' हेच पहिलं विचारतं, तेव्हा खर्च वाया जात नाही. एका रोलमध्ये बाराच फोटो. मागची पाटी १२ वर सरकवलेली आहे का बघ. हँडल अडेपर्यंत पुढं फिरवायचं, मग मागं, तेव्हा शटर चढतं. हे तुला माहीत असेल, लहानपणी बघितलं असशील. भावाला बोलाव, आईला अंगणात खुर्ची दे, पदर नीट करू दे तिला तिच्या मनासारखा. वरून बघताना डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून 'आई, जरा डावीकडे सरक' म्हणायच्या आधी दोनदा विचार कर. नाहीतर तीच सांगेल, अण्णा असं म्हणायचे नाहीत.

— अक्का