कामगारांना सुरक्षेची साधने देऊन सह्या घेतल्या, तर मालकाची जबाबदारी संपते का?

आपण विचारले आहे की, भोसरीत आपले सहा पॉवर प्रेसचे (विजेवर पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रांचे) छोटे प्रेस शॉप आहे, सव्वीस कामगारांपैकी निम्मे ठेकेदाराचे आहेत, सर्वांना हातमोजे व बूट देऊन रजिस्टरवर सह्या घेतल्या आहेत. तेव्हा उद्या कोणी निष्काळजीपणाने प्रेसमध्ये हात घातला, तर आपण मोकळे आहात का? पिंपरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत सुरक्षेचे काम पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की नाही, आपण मोकळे होत नाही. ती सही हातमोजे मिळाल्याची पावती आहे. प्रेस सुरक्षित असल्याचा पुरावा तिच्यात कुठेच नाही.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, भोगवटादाराच्या, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या, सर्वसाधारण कर्तव्यांचे स्वतंत्र कलम घालण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० मध्येही तोच विचार पुढे नेलेला दिसतो. यंत्रे व कामाची पद्धत सुरक्षित ठेवणे, कामगाराला माहिती व प्रशिक्षण देणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे आणि यांपैकी कशाचाही खर्च त्याच्याकडून वसूल न करणे, ही सर्व कर्तव्ये मालकाची आहेत. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी या संहितेची मर्यादा वीस कामगारांची आहे आणि त्या मोजणीत ठेकेदाराची माणसेही धरली जातात, त्यामुळे आपले शॉप तिच्या कक्षेत येते. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन मात्र एवढ्या लहान कारखान्यावर नाही. काही मालकांना ही सूट वाटते, पण तिचा खरा अर्थ एवढाच की, ते काम पाहायला दुसरे कोणी नसल्याने ते आपल्यालाच पाहावे लागते.

आता निष्काळजीपणाविषयी. एका प्रेस शॉपमध्ये मी जे पाहिले, ते अजून विसरलेलो नाही. प्रेसला दोन बटणे होती आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय रॅम (वरून खाली येऊन पत्रा दाबणारा भाग) खाली येऊ नये, अशी मूळ रचना होती. म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बटणांवर, डायच्या (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या) बाहेर राहावेत. प्रत्यक्षात डाव्या बटणाच्या फटीत आगपेटीची काडी खोचून ते कायमचे दाबून ठेवले होते. ऑपरेटर उजव्या हाताने बटण दाबत होता आणि डाव्या हाताने पत्रा सरकवत होता, कारण तासाला ठरवून दिलेले नग दोन्ही हात बटणांवर ठेवून निघतच नव्हते. काडी कामगाराने खोचली होती हे खरे. पण तो नगांचा आकडा फळ्यावर कोणी लिहिला, आणि रोज त्या प्रेससमोरून जाणाऱ्या सुपरवायझरला काडी दिसली कशी नाही? चौकशी झाली की नेमके हेच प्रश्न विचारले जातात. (त्याच शॉपच्या फाटकावर ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा फलक मात्र दिमाखात लटकत होता.)

हातमोज्यांचेही तसेच आहे. पत्र्याच्या धारेपासून ते हात वाचवतात, पण खाली येणाऱ्या रॅमपुढे त्यांचा काही उपयोग नाही, आणि ड्रिल मशीनवर तर हातमोजा फिरत्या बिटात अडकून हातच ओढला जातो. म्हणून क्रम असा असावा: आधी डायला बंदिस्त गार्ड किंवा प्रेसला लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, ज्यात हात येताच प्रेस थांबतो), मग नग काढायला चिमटा, आणि सर्वांत शेवटी हातमोजे. डाय बदलताना मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहावी.

ठेकेदाराच्या माणसांबाबत तर अजिबात गैरसमज नसावा. प्रेस आपला आहे, म्हणून त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या सुरक्षेची जबाबदारीही आपली आहे. ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) वर्गणी ठेकेदाराने भरली नाही, तर ती आधी मुख्य मालकाला भरावी लागते आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करता येते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकाचा विमा क्रमांक आजच तपासून घ्यावा. अपघातानंतर नोंदणीसाठी धावपळ करणारे मालक मी पाहिले आहेत, आणि बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयाच्या दारात ती धावपळ फार केविलवाणी दिसते.

नियम मोडल्यामुळे कामगाराला गंभीर दुखापत झाली, तर नव्या संहितेप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन ते चार लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्या दंडातील किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

उद्या पहिल्या पाळीला स्वतः शॉपमध्ये जावे. डाय रिकामी ठेवून, समोर कोणालाही उभे न करता, प्रत्येक प्रेसचे एकच बटण दाबून पाहावे. रॅम हलला, तर तो प्रेस दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावा, आणि त्या दिवसाचे नग कमी निघाले म्हणून कोणाला जाब विचारू नये.