फराक्क्याचा तक्ता आधी वाच

प्रिय मुली,

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पाण्याच्या अभ्यासक्रमाचा अर्ज जरूर भर. चार देशांतली पाण्याची माणसं एका वर्गात भेटतात, याला किंमत आहे. पण तुझा निबंध वाचताना एक गोष्ट खटकली. त्यात परिषदा फार आहेत आणि पाणी कमी. न्यूयॉर्कची २०२३ची परिषद, शाश्वत विकासाचं सहावं उद्दिष्ट, सर्व संबंधितांचा सहभाग... निवड समितीनं हे इतक्यांदा वाचलेलं असणार की त्यांची नजर त्यावरून घसरेल. १९७७ साली अर्जेंटिनात मार देल प्लाताला पाण्यावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, त्यानंतर तशी दुसरी थेट २०२३ला. मधल्या ४६ वर्षांत देश पाण्यावरून भांडतही होते आणि एकत्र बसून मोजमापही करत होते. तू त्या मोजमापाच्या मागे लाग.

सुरुवात १९९६च्या भारत-बांगलादेश गंगा करारापासून कर. करार छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. त्याचा जीव पाणीवाटपाच्या तक्त्यात आहे. १ जानेवारी ते ३१ मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे टप्पे पाडलेत. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यापाशी प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशला. शिवाय ११ मार्च ते १० मे, म्हणजे ऐन टंचाईत, एका टप्प्यात एकाला तर पुढच्यात दुसऱ्याला ३५,००० क्युसेकची हमी. आपल्याकडच्या कालव्यावर पाणीपाळीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हे एका दमात कळेल. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना थोडा वेळ लागतो, असा माझा अनुभव.

आता हा तक्ता कशावर उभा आहे ते बघ. १९४९ ते १९८८ या ४० वर्षांतल्या सरासरी प्रवाहावर. त्यानंतर वरच्या राज्यांतला उपसा वाढला, पावसाची चाल बदलली, तक्ता मात्र तोच राहिला. प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर काय? दोन्ही सरकारांनी तातडीनं सल्लामसलत करावी, एवढंच करार म्हणतो. कोणाला किती, याचा आकडा नाही. कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ची. नव्या करारात काय हवं यावर तुझं स्वतःचं मत पाहिजे आणि ते आकड्यांत मांडता आलं पाहिजे. माझी पहिली मागणी सरासरीची वर्षं बदलण्याची असेल. दुसरी भूजलाची, कारण नदीतलं पाणी आणि तिच्या काठच्या विहिरींमधलं पाणी वेगळं धरून हिशेब जुळत नाही.

एवढ्या त्रुटी असून करार चालला, याचं श्रेय मी चौथ्या कलमाला देतो. त्यानुसार दोन्ही देशांची पथकं फराक्क्याला आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाशी रोजचा प्रवाह नोंदवतात. भांडण झालं तरी ते आकड्याच्या अर्थावरून होतं. आकडा कोणी एकानं घरी बसून लिहिला, असं म्हणायची सोय फारशी उरत नाही.

ही नोंद बंद पडली की काय होतं तेही बघ. १९६०चा सिंधू करार १९६५, १९७१ आणि कारगिल पचवून टिकला. एप्रिल २०२५मध्ये पहलगामनंतर भारतानं तो स्थगित ठेवला. त्यावर तुझं राजकीय मत काहीही असो, त्याचा व्यवहारातला परिणाम टिपून ठेव. त्याच ऑगस्टमध्ये जम्मूतल्या तावी नदीला पूर आला तेव्हा पाकिस्तानला इशारा गेला तो करारातल्या सिंधू आयोगामार्फत नव्हे, उच्चायुक्तालयामार्फत. आणि डोकलामला भारत-चीन सैन्यं समोरासमोर आली त्या वर्षी, २०१७च्या पावसाळ्यात, चीनकडून ब्रह्मपुत्रेची आकडेवारी आपल्याला आली नाही. नदीच्या वरच्या अंगाच्या देशानं गप्प बसणं म्हणजे काय, हे आसामला विचारावं.

इस्रायल आणि जॉर्डन मात्र कागदोपत्री युद्धात असतानाही त्यांचे पाणीवाले यार्मूक नदीच्या काठी भेटत राहिले. १९९४च्या शांतता करारात त्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. हिवाळ्यात इस्रायलनं यार्मूकचं जास्तीचं पाणी घ्यायचं आणि उन्हाळ्यात जॉर्डनला परत द्यायचं. वाटप कोणाला किती एवढ्यापुरतं नसतं, कधी हाही प्रश्न असतो.

हे सगळं शिकायला आधी परदेशी जायला नको. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. तुळशी आणि विहार सोडले तर बाकीचे पाच तलाव ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. पालिका तलावांची पातळी रोज जाहीर करते. पाड्यावरच्या विहिरीची पातळी रोज कोण लिहितं? तू लिही. एप्रिल-मेमध्ये एकच पाडा धर. विहिरीत दोरी सोडून पाणी मोज, टँकर कधी आला आणि किती हंडे भरले ते बायकांना विचार, आणि शेजारच्या रकान्यात भातशाची त्या दिवशीची पातळी टाक. मात्र त्यांना आधी सांग की ही नोंद कशासाठी, आणि वही त्यांनाही दाखव.

कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणारा बच्छावत लवादाचा निवाडाही वाच. २,०६० टीएमसीपैकी (अब्ज घनफूट) ५६० आपल्या वाट्याला आले. तिथे आपण वरचे आहोत, म्हणून निबंधात महाराष्ट्रावर अन्याय झाल्याचा सूर लावण्याआधी कर्नाटकाचं म्हणणंही तितक्याच काळजीनं मांडून बघ.

'पुढचं महायुद्ध पाण्यावरून होईल' हे पहिल्या परिच्छेदातलं वाक्य काढून टाक. त्या जागी शहापूरच्या वहीतल्या चार ओळी येऊ देत. मसुदा मराठीत पाठवलास तरी चालेल, इंग्रजीचं आपण नंतर बघू. अर्जाच्या मुदतीआधी पंधरा दिवस तरी माझ्या हातात दे. हल्ली मी सावकाश वाचतो.

तुझा,
काका