युरोपातल्या शहराच्या सहलीचं बजेट : विमानभाडं सोडून बाकीचं बघा

सहलीच्या हिशोबात विमान आणि हॉटेल बहुधा नीट धरलेलं असतं, पण घोळ होतो तो या दोन्हींच्या मधल्या खर्चात. स्वस्त तिकिटावर 'पॅरिस' लिहिलेलं असलं तरी विमान बोव्हे विमानतळावर उतरू शकतं. तिथून शहर सुमारे ८० किलोमीटर. दोघांचं जाण्यायेण्याचं बसभाडं आणि सामानाचे वेगळे पैसे धरले की वाचवलेलं बरंचसं तिथेच जातं.

हॉटेलचा दर बघताना शहर कर, म्हणजे मुक्कामी पर्यटकांकडून घेतला जाणारा कर, धरलाय का ते वाचा. रोममध्ये तो दरडोई, दर रात्री लागतो. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के! बुकिंगच्या वेळी तो घेतला नसेल तर हॉटेलवर भरावा लागतो.

रोजच्या खर्चाला सरसकट एक आकडा धरू नका. एखादा दिवस संग्रहालयांचा, महागडा. दुसरा नुसता भटकण्याचा. माद्रिदचं प्रादो संग्रहालय रोज शेवटचे दोन तास फुकट असतं. रांग मोठी असते, आणि खरं सांगायचं तर चित्रांची आवड असेल तर तिकीट काढून निवांत बघा, तिथे काटकसर नको. इटलीत कॉफी काउंटरवर उभ्याने प्या. बसलात की बहुधा दर वाढतो.

प्रागचं चलन कोरुना, बुडापेस्टचं फोरिंट. कार्ड मशीनने 'तुमच्या चलनात पैसे घेऊ का' विचारलं की नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. हो म्हटलंत तर रूपांतराचा दर मशीनवाल्यांचा असतो, आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो.