गोळीने चाल सुधारते, मग थरथर का नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की गोळी लागू पडली की बाबांची चाल मोकळी होते, पण हाताची थरथर तशीच राहते; आणि डीबीएसबद्दल (मेंदूत तार बसवून विद्युत स्पंदनं देण्याचं ऑपरेशन) बोलताना डॉक्टर 'बीटा लय' म्हणाले ते कळलं नाही. माझ्या सासऱ्यांनाही बरीच वर्षं कंपवात (पार्किन्सन) होता, तेव्हा हे सगळं मी न्यूरॉलॉजिस्टना खोदून खोदून विचारलंय.

मेंदूतलं डोपामाइन हे निरोप पोहोचवणारं रसायन कमी पडलं की हालचालीचं अख्खं सर्किट बिघडतं. मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा छोटासा पुंजका आहे. तिथे सेकंदाला साधारण 13 ते 30 आवर्तनांची विद्युत लय उमटते, तीच बीटा. हालचालीच्या सर्किटमध्ये ही लय तुमच्याआमच्यातही असते, फक्त हात उचलायच्या आधी ती ओसरते. कंपवातात ती नीट ओसरत नाही, रेंगाळते. मंडईत सगळे एकच घोषणा देत सुटले तर भाव कोण ऐकणार? तसा 'पाऊल उचल' हा निरोप त्यात बुडतो. लेवोडोपाने, म्हणजे गोळीतल्या औषधाने, ही लय दबते, ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो.

थरथरीची लय वेगळी, सेकंदाला 4 ते 6. तिच्यात लहान मेंदू आणि थॅलॅमस हा मेंदूतला आणखी एक भागही गुंतलेले असतात, म्हणून काहींची थरथर गोळीला दाद देत नाही. तेवढ्यासाठी डोस मनाने वाढवू नका.

1990 मध्ये बर्गमन, विचमन आणि डिलाँग या संशोधकांनी कंपवातासारखी लक्षणं असलेल्या माकडांमध्ये हाच पुंजका निकामी केला आणि त्यांची हालचाल सुधारली. डीबीएसमध्ये काही कापून टाकत नाहीत. बारीक तार बसवून सेकंदाला साधारण 130 स्पंदनं देतात. आता बीटा मोजून स्वतःच जोर कमीजास्त करणारी यंत्रंही आली आहेत.

दाराशी बाबांचे पाय खिळतात ना, तेव्हा कृपा करून 'चला लवकर' म्हणत ओढू नका. ते हट्ट करत नाहीत हो! आम्ही बाथरूमच्या दारापुढे फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले होते. मामंजी आधी थांबायचे, वजन एका पायावर घ्यायचे आणि पट्टा ओलांडायचे. डोळ्यांना खूण दिसली की पुष्कळांचं पाऊल सुटतं.

ऑपरेशनचा निर्णय घेताना एक लक्षात ठेवा: गोळीने जे सुधारतं तेच बहुधा डीबीएसने सुधारतं. थरथर मात्र अपवाद आहे, गोळीला न जुमानणारी थरथरही डीबीएसने बऱ्याचदा आटोक्यात येते. गोळीआधी आणि गोळीनंतर बाबा कसे चालतात याचे दोन व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा आणि स्मरणशक्तीची तपासणी कधी करणार तेही विचारा.