पाच दिवसांत चौदा ठिकाणं

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघं सहली करतो. मागच्या खेपेला पाच दिवसांत चौदा ठिकाणं झाली. मोबाइलात साडेसहाशे फोटो आहेत, पण कुठलं देऊळ कुठलं, ते आता ओळखू येत नाही. प्रवासानं माणूस बदलतो म्हणतात. आमचं काय बदललं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : चौदातली तेरा गाळा, बदलाचं मग बघू. निपाणीहून बेळगावला या आणि किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, निदान दीड तास काढा. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं 1204 साली बांधलेली ही जैन बस्ती. सोबत वही, पेन्सिल आणि हातात मावेल एवढा आरसा घ्या.

उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटं काळ्या दगडावरचं काम दिसतच नाही. लोक नेमके तेव्हाच फ्लॅश मारतात, कोरीवकाम सपाट येतं आणि ते बाहेर पडतात. तुम्ही फोन खिशात ठेवून नुसते बसा. डोळे सरावले की मंडपाच्या छतातलं दगडी कमळ दिसू लागेल. वर बघून मान अवघडते, म्हणून आरसा पोटाशी आडवा धरा आणि त्यात बघा. पाकळ्या 72, मागच्या, चालू आणि पुढच्या काळातले 24-24 तीर्थंकर. मोजताना दाराच्या रेषेतली पाकळी पहिली धरा, नाहीतर सुरुवात हरवते आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. मग चित्र काढा. वाईट येईल, येऊ दे. हात थांबला की आपण काय पाहिलंच नव्हतं ते कळतं.

आयुष्याच्या अर्थाचं म्हणाल, तर होऊन गेलेले आणि अजून यायचे असलेले एकाच छताखाली बसवणाऱ्यानं त्याचा विचार आपल्याआधी केलेला दिसतो. घाई नको.

वेळ उरला तर किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. विवेकानंद ऑक्टोबर 1892 मध्ये बेळगावात आले, तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे राहिले. भटकणारा संन्यासी, पण मुक्काम लोकांच्या घरात.

प्रश्न : प्रवासाची डायरी तिसऱ्या दिवशी बंद पडते. काय करू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : रात्री दमून लिहायला बसलं की ‘सकाळी उठलो, चहा घेतला’ एवढंच उतरतं. बसमध्येच चार ओळी लिहा : एका वस्तूचा भाव, एक वास, आपला झालेला एक गैरसमज आणि कानावर पडलेला एक शब्द. तो कानडी असेल तर ऐकला तसा देवनागरीत लिहा, ‘बर्री, कुंदर्री’ (या, बसा), आणि शेजारी कोण कुणाला म्हणालं तेही. माणूस सुटला की शब्द निर्जीव होतो. आणि तुमच्याकडचा पाऊस पाहता शाईचं पेन नको. पेन्सिलीचं अक्षर भिजलं तरी फुटत नाही.