'१५ किलोटनचा बॉम्ब' म्हणायचं की '१५ किलोटन शक्तीचा'?

चिपळूणकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हिरोशिमाचा फलक लावायचाय, त्यावर एका मुलाने लिहून आणलं '१५ किलोटनचा बॉम्ब', दुसऱ्याने '१५ किलोटन शक्तीचा बॉम्ब' आणि तिसऱ्याने सरळ '१५ हजार टन वजनाचा बॉम्ब', आणि मग वर्गात जुंपली. बाईंचं म्हणणं, यातलं मराठीत बरोबर काय ते सांगा आणि एवढा मोठा आकडा मुलांना कळेल असं कशाशी तोलून दाखवायचं तेही सांगा.

आधी तिसऱ्या मुलाचं बघू, कारण त्याची चूक अगदी साहजिक आहे. आपल्याकडे 'किलो' म्हटलं की तांदूळ, साखर, बांगडेच डोळ्यासमोर येतात, किलो म्हणजे नुसतं 'हजार' हे शाळेबाहेर कुणी लक्षात ठेवत नाही, आणि पुढे परत टन आहेच, म्हणजे मराठी कानाला किलोटनमध्ये दोन-दोन वजनं ऐकू येतात. प्रत्यक्षात तो बॉम्ब होता सुमारे ४४०० किलोचा, म्हणजे साडेचार टनसुद्धा नाही. १५ हजार टन हे वजन आहे टीएनटी नावाच्या स्फोटकाचं, आणि तेही तिथे नसलेल्या टीएनटीचं. म्हणजे एवढं टीएनटी उडवलं असतं तर जेवढी ऊर्जा बाहेर पडली असती तेवढी त्या साडेचार टनी बॉम्बमधून पडली, इतकाच त्या आकड्याचा अर्थ.

टन खरोखर वजनाचे असतात ते कुठे? तर १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज उडालं तिथे. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं भरलेली होती, हे तराजूवरचं वजन. शेकडो माणसं गेली आणि हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. बैरूतला ४ ऑगस्ट २०२० रोजी गोदामातलं साधारण २७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, तेही वजनच. पण म्हणून तो पावणेतीन किलोटनचा स्फोट होत नाही, अभ्यासकांचे बहुतेक अंदाज अर्धा ते एक किलोटनच्या आसपासचे आहेत, कारण अमोनियम नायट्रेट वजनाला वजन टीएनटीएवढं देत नाही. बातमीत 'इतक्या टनांचा स्फोट' असं वाचलं की हे टन मालाचे की टीएनटीच्या हिशोबाचे ते पहिलं विचारावं, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता दुसरा मुलगा, शक्तीवाला. माझ्या मते हीच चूक जास्त बघण्यासारखी आहे, कारण ती मोठमोठ्या पेपरांतही रोज होते. आपल्या पाठ्यपुस्तकात ऊर्जा वेगळी आणि शक्ती वेगळी, ऊर्जा म्हणजे एकूण किती, आणि शक्ती म्हणजे ती किती वेळात, म्हणजे ऊर्जेला वेळाने भागलं की शक्ती. किलोटन ही ऊर्जेचीच मोजणी आहे, त्यात वेळ कुठेच येत नाही. ठरवून घेतलेला हिशोब असा की १ ग्रॅम टीएनटी म्हणजे १ किलोकॅलरी, किलोमागे ४.१८४ मेगाज्यूल. आणि ही किलोकॅलरी तीच बरं का, खाण्याच्या पाकिटांवर छापतात ती.

तर बाई, मुलांना खायच्या खोबरेल तेलाची बाटली आणायला सांगा आणि मागचं लेबल वाचायला लावा. बारीक अक्षरात तक्ता असतो, त्यात १०० ग्रॅमला ९०० किलोकॅलरी असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे १०० ग्रॅम खोबरेल बरोबर ९०० ग्रॅम टीएनटी! मुलं म्हणतील लेबल चुकलं, पण लेबल बरोबर आहे. पाव किलो तेलात सव्वादोन किलो टीएनटीची ऊर्जा आहे, आणि हिरोशिमाचे १५ किलोटन म्हणजे साधारण १६७० टन खोबरेल, दहा टनी ट्रक धरले तर दीडशेच्या वर ट्रक होतात. आणि तेच तेल समईत घालून रात्रभर लावलं तरी शेजारच्या फुलाची पाकळीसुद्धा हलत नाही. यातली अर्धी गोम अशी की तेल जळताना लागणारा ऑक्सिजन हवेतून घेतं, तो आपण वजनात धरतच नाही, आणि टीएनटीला हवेची वाट बघायची नसते, त्याचा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच बांधलेला असतो, म्हणून वजनामागे ऊर्जा कमी पण सुटायला वेळच लागत नाही. टीएनटीत स्फोटाची लाट सेकंदाला जवळपास सात किलोमीटर वेगाने पळते.

त्या वेळेचा हिशोब करायला तुम्हाला लांब जायला नको, कोयना प्रकल्पाची वीजगृहं असलेलं पोफळी-अलोरे तुमच्या तालुक्यातच आहे. कोयनेचे चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॅट, ही झाली शक्ती. १ किलो टीएनटीएवढी ऊर्जा कोयना पूर्ण क्षमतेने चालली तर सेकंदाच्या साधारण पाचशेव्या भागात देते, म्हणजे ऊर्जा म्हणून त्या किलोचं फारसं काही नाही. पण तो किलोचा ठोकळा, बाजू असेल साडेआठ सेंटीमीटरची, सेकंदाच्या ऐंशी हजाराव्या भागात आरपार फुटून मोकळा होतो, म्हणून तेवढ्या क्षणापुरती त्याची शक्ती कोयनेच्या शंभरपटीच्याही वर जाते. उलट बाजूने बघा, हिरोशिमाची सगळी ऊर्जा जमवायला कोयनेला पूर्ण क्षमतेने जवळजवळ नऊ तास चालावं लागेल. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले की शक्ती आणि ऊर्जा परत कधी एकमेकांच्या जागी येणार नाहीत.

खरं तर सुरुंगाचं काम करणारी माणसं हा फरक बोलण्यात कायम पाळतात. आपल्याकडे विहीर खणताना जांभा संपून काळा दगड लागला की सुरुंग आले, तिथे कांड्या किती भरल्या ते एक सांगतात आणि बार कसा बसला ते वेगळं सांगतात. भोक मातीने नीट ठासलं नसेल तर माल तेवढाच जळतो पण जोर वरच्या वर निघून जातो आणि दगड जागचा हलत नाही, मग म्हणतात बार फुसका गेला. जुनी काळी बंदुकीची दारू मोकळी पेटवली तर नुसता भडका, ठासून भरली तर बार. माल तोच, ऊर्जा तीच, आणि भाषेत मात्र शब्द दोन! 'भडका' आणि 'स्फोट' हे बातमी लिहिणाऱ्यांनीही असेच जपून वापरले तर किती बरं होईल, पण सध्या कुठेही आग जरा जोरात लागली की स्फोटच होतो.

फलकासाठी अजून एक, 'पट' हा शब्द जपून. 'हिरोशिमाच्या ३३०० पट' असं रशियाच्या १९६१ च्या ५० मेगाटन (५ कोटी टन) बॉम्बच्या चाचणीबद्दल लिहितात, ऊर्जेच्या हिशोबाने ते बरोबरही आहे, पण वाचणाऱ्याला वाटतं विध्वंस ३३०० पट लांब पोचेल, आणि तसं होत नाही. धक्क्याची लाट चहूबाजूंनी पसरत जाते म्हणून ऊर्जा आठपट केली तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जातो, हजारपट केली तर दहापट, ३३०० पटीला साधारण पंधरापट. म्हणून पट लिहिलं की ऊर्जेची का अंतराची तेही लिहायचं.

तर वाद मिटवायला: 'वजनाचा' बाद, 'शक्तीचा' पण बाद. '१५ किलोटनचा बॉम्ब' बोलताना चालून जातं, पण फलकावर नको, तिसऱ्या मुलासारखं वाचणारे बरेच असतात. '१५ किलोटन क्षमतेचा बॉम्ब' चालेल, कारण बॉम्ब एवढी ऊर्जा सोडू शकतो असाच त्याचा अर्थ होतो. मी मात्र फलकावर '१५ किलोटन (१५ हजार टन) टीएनटीएवढ्या ऊर्जेचा स्फोट' असं पूर्ण लिहीन, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत 'बॉम्बचं वजन सुमारे ४४०० किलो'. मेगाटन कुठे आलं तर कंसात 'दहा लाख टन' लिहा, 'दशलक्ष' वाचून मुलं शून्य मोजत बसतात.