आधी रक्तातला आकडा बघ

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

पीएचडीचा आराखडा वाचला. दारुहळदीतलं बर्बेरिन, म्हणजे साखर उतरवणारं ते पिवळं द्रव्य घेतलंयस, विषय चांगला आहे. पण पहिल्याच पानावरचं ते ‘निसर्गाचं ओझेम्पिक’ खोडून टाक. ओझेम्पिक हे मधुमेहाचं, वजनही उतरवणारं इंजेक्शन. ते जीएलपी-१ या आतड्यातल्या हॉर्मोनच्या रिसेप्टरवर काम करतं. बर्बेरिनचा रस्ता वेगळा, आणि वजनावरचा परिणामही त्या तोलाचा नाही. रीलवाल्यांना खपतं, परीक्षकांना खपणार नाही.

शांघायच्या २००८च्या चाचणीचा दाखला दिलायस. नव्यानं मधुमेह निघालेल्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं आणि तीन महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेनऊ टक्क्यांवरून साडेसातवर आलं. आकडा देखणा आहे. फक्त बर्बेरिन आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं नेहमीचं औषध) दोन्ही गट मिळून रुग्ण ३६च होते, हेही त्याच वाक्यात लिही.

आता मुख्य मुद्दा. प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर तू बर्बेरिनचं १० मायक्रोमोलर एवढं तीव्र द्रावण टाकणार आहेस. सगळेच टाकतात! पण माणसानं ४०० मिलिग्रॅम एकदा पोटात घेतलं, तर रक्तातली कमाल पातळी मिलिलिटरला अर्धा नॅनोग्रॅमही होत नाही. म्हणजे जेमतेम एक-दीड नॅनोमोलर, आणि नॅनोमोलर हा मायक्रोमोलरचा हजारावा भाग. तुझी मात्रा त्याच्या हजारो पट झाली. एवढ्या मात्रेला पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं कॉम्प्लेक्स-१ हे एन्झाइम अडतं, ऊर्जा कमी पडल्याचं ओळखणारं एएमपीके जागं होतं, आलेख छान येतात. ते शरीरातही तसंच घडतं का, हे त्यातून कळत नाही.

मग साखर उतरते कशी? तुझा प्रबंध खरा इथे आहे. आतड्याच्या पेशींतला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप बर्बेरिनला आतड्यात परत ढकलतो, त्यामुळे बरंचसं तिथेच राहतं. तिथले जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन हे बदललेलं रूप करतात, ते सहज शोषलं जातं आणि आतड्याच्या भिंतीत पुन्हा बर्बेरिन होतं. उंदरांच्या यकृतात तर ते रक्तापेक्षा कितीतरी जास्त सापडलंय. तेव्हा एकाच मात्रेवर अडून राहू नकोस. नॅनोमोलरपासून वर चढत जा, आणि आतड्याच्या पेशीही घे.

आणखी एक. हा पदार्थ पिवळाधमक आहे आणि स्वतःच चमकतो. टीएलसी प्लेट (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पातळ थराची पट्टी) यूव्हीखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात धर, पट्टा लगेच दिसेल. डीसीएफडीए या हिरव्या चमकणाऱ्या रंगानं पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण मोजशील तेव्हा बर्बेरिनची ही चमक त्याच हिरव्या चॅनेलमध्ये शिरते आणि आपण ताण वाढला म्हणून खूश होतो. रंग न घातलेल्या, फक्त बर्बेरिन दिलेल्या पेशींचा कंट्रोल प्रत्येक वेळी ठेव. बाजारातल्या काड्यांवर भिस्त नको. दारुहळद म्हणून दक्षिणेत कॉसिनियम ही दुसरीच वेलही विकली जाते. त्यातही बर्बेरिन असतं, म्हणून नुसत्या पिवळ्या पट्ट्यावरून वनस्पती ठरत नाही.

आता घरचे विचारतीलच, “मग आम्ही घेऊ का ही गोळी?” काका-मावशींना स्पष्ट सांग, चालू औषधं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. बर्बेरिन सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम अडवतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची पातळी यानं वाढलेली नोंदली आहे. गरोदर बाईनं तर नाहीच घ्यायचं, नवजात बाळात बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) वाढायचा धोका असतो.

मात्रांचा तक्ता नव्यानं करून पाठव. बाकीचं त्यानंतर बघू.

तुझा,
सर